शेरा

सातपूरच्या शेडमध्ये सात नंबरच्या लेथला
सुतळीने बांधलेली एक वही.
तारीख, पाळी, नग, बाद
आणि कडेला, दीड बोटाचा, शेरा.
तिथे वर्षानुवर्षं एकच शब्द: निरंक.

मला निरंकचा कंटाळा नव्हता.
पण त्या रात्री तीनला त्र्यंबक रस्त्याकडून
एक घुबड आलं, क्रेनच्या दांडीवर बसलं,
बघत राहिलं माझ्याकडे,
आणि सांगायला कुणी नव्हतं.
लिहिलं: नग एक्केचाळीस, बाद दोन, घुबड एक.

वाटलं, सकाळी मेमो.
काहीच नाही. नऊ दिवस खाली निरंक.
आपणच येडे, असं म्हणून पान उलटणार,
तर दहाव्या दिवशी बारीक, कललेलं अक्षर:
'पत्र्याखाली राहतं. जोडी आहे. दौ. गां.'

तीन वर्षं एकाच मशीनवर होतो आम्ही.
पाळी बदलताना एक जण हात धुतो,
दुसरा कार्ड मारतो,
दौ. गां.ची मला फक्त पाठ माहीत होती.
त्या रात्री मी घुबडाच्या जोडीदाराला शोधत
चार नग बाद केले.

मग स्टोअरची हेमलता कातकाडे
टूल मोजायला आली आणि विचारून गेली:
'खातं काय ते?'
मेंटेनन्सचा अत्तार: 'स्टोअरमधले उंदीर.'
'स्टोअरमध्ये उंदीर नाहीत.'
'आता नाहीत.'

रकाना पुरेना. ओळी समासात चढल्या,
तारखेच्या डोक्यावरून गेल्या.
कुणी पोरीचे दहावीचे मार्क लिहिले,
कुणी विचारलं, सिडकोत खोली मिळेल का,
खाली तीन पत्ते, एकावर फुली:
'मालक पाणी सोडत नाही.'

बोरस्ते मात्र सगळ्याखाली लिहायचा: छान.
घुबडाला छान, मार्कांना छान,
फुलीलासुद्धा छान.
हसायचो आम्ही त्याला.

एकदा कंत्राटी पोरांबद्दल घाण लिहिलेलं सापडलं.
सही नाही.
मी खोडायला गेलो, तर शेजारी आधीच
हेमलताचं अक्षर:
'वळण ओळखीचं आहे. डबा खायला या, बोलू.'
कोण गेलं, कधी गेलं, विचारलं नाही कुणी.
त्यानंतर त्या पोरांचीही नावं आली वहीत,
एकाची तर नुसती चित्रं.

श्रावणात आठ दिवस कुठेच छान नाही.
पानं कशी उघडी पडल्यासारखी.
नवव्या दिवशी अत्तारने लिहिलं:
'बोरस्ते सिव्हिलला. छाती.'

वॉर्डाबाहेर आम्ही सातजण,
हातात शहाळी, एकमेकांकडे चोरून बघत.
शेवटी एक टकला माणूस पुढे आला:
'तुम्ही घुबडवाले?'
मी म्हटलं, 'दौ. गां.?'
त्याचा आवाज मला वाटला होता
त्याहून फार जाड निघाला.
बोरस्तेला बोलायची मनाई होती.
त्याने आम्हाला मोजलं, एकेक,
आणि बोटाने चादरीवर काहीतरी लिहिलं.
दोनच अक्षरं.

वही संपली दिवाळीआधी.
सुपरवायझर लोखंडे, ज्यांनी पानोपानी
'तपासले' एवढंच लिहिलं होतं,
नवी ठेवून गेले, न बोलता.
सुतळीही नवी.
रकाने तेच पाच.
शेरा चार बोटं रुंद.