चौथा भिडू

लिस्बनमध्ये त्या पिवळ्या ट्रामसाठी
मी दीड तास रांगेत उभा होतो.
पुढे छत्री उंच धरलेला गाईड, मागे छत्री उंच धरलेला गाईड,
आणि मधे आम्ही,
एकमेकांच्या फोटोंत फुकट शिरलेले.
गल्लीत वाळत घातलेले कपडे पाहून वाटलं,
हेसुद्धा कुणीतरी पगारावर येऊन
रोज सकाळी टांगत असेल.

रांग सोडली.
स्टेशनवरच्या बाईला म्हटलं,
जिथे कुणी जात नाही तिथलं तिकीट द्या.
ती हसली नाही.
नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी वर,
तिने पेनाचं टोपण ठेवलं.
त्राझ-उझ-मोंतिश.
म्हणजे डोंगरांच्या मागे.
नाव ठेवणारा डोंगरांच्या पुढे राहत असणार,
हे उघडच आहे.

शेवटची बस शाळेची.
शाळा असेल त्या दिवशीच धावते.
मुलं कुठायत, मी ड्रायव्हरला विचारलं.
एक मुलगी होती, म्हणाला,
ती गेली आईबरोबर ब्रागांसाला.
वेळापत्रक कुणी बदललं नाही,
तुम्हीही बोलू नका कुठे.

नोव्हेंबर.
रस्ताभर चेस्टनटची काटेरी बोंडं, उकललेली,
उचलायला माणूस नसलेली.
बावीस घरं. धूर पाचांतून. मी मोजला.
सार्वजनिक भट्टीपाशी एक म्हातारी
झाडू टेकवून उभी राहिली, मला पाहून
तिने डोक्याचा रुमाल सारखा केला आणि विचारलं,
कोण गेलं?

अनोळखी माणूस इथे मयतालाच येतो.

कुणी नाही, म्हटलं तोडक्यामोडक्या पोर्तुगीजमध्ये,
असाच आलो.
असाच?
तिने तो शब्द दाताखाली धरून पाहिला,
नाणं खरं का खोटं ते बघतात तसा.
मग म्हणाली, पत्ते येतात?

देओलिंदा तिचं नाव.
स्वयंपाकघरात वर धुरात टांगलेले सॉसेज,
खाली टेबल, टेबलाला चार खुर्च्या.
झुल्मीरा आली, गुडघ्यांना शिव्या देत.
अमांदियु आला, कानात यंत्र, यंत्रात सेल नाही.
चौथी खुर्ची बेल्मीरुची.
तो मार्चमध्ये गेला.
तेव्हापासून हे त्याची पानं उपडी वाटतात
आणि वरचं येईल ते त्याच्या वतीने खेळतात.
त्याची भिडू देओलिंदा.
आठ महिने हरते आहे.

मला बसवलं.
नियम सांगितले तिघांनी एकदम, तीन प्रकारे.
एवढं कळलं की इथे सत्ती राजाच्या डोक्यावर बसते
आणि राणी गुलामाच्या खाली.
अठ्ठी, नव्वी, दश्शी खेळातच नाहीत,
ड्रॉवरमध्ये आहेत, रबरबँड लावून,
परगावी गेलेल्या पोरांसारखी.

भिडूला खुणा करायच्या नाहीत.
सगळे करत होते.
अमांदियु ऐकू येत नाही म्हणून,
झुल्मीरा ऐकू येतं म्हणून.

तिसऱ्या डावात मी घाई केली.
हुकमाची सत्ती, आपल्याच हातावर, वाया.
देओलिंदाने पानं टेबलावर आपटली.
गाढवा, बेल्मीरु,
चाळीस वर्षं तेच करतोस!

वर सॉसेजातून चरबीचा एक थेंब पडला
चुलीत, चर्र.
कुणी तिला दुरुस्त केलं नाही.
मीही नाही.
अमांदियुने हात उचलला, पानं पिसायला घेतली,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पिसली.

पुढचा डाव आम्ही जिंकलो.
खरं तर जिंकवले गेलो.
तिने वाईनचा पेला माझ्यापुढे सरकवला,
माझ्याकडे न बघता.

तुम्ही विचारता, जाण्यासारखं आहे का.
चर्च आहे, बंद असतं.
नदी आहे, लांब आहे.
बस शाळा असेल त्या दिवशी.
पत्ते येत असतील तर जा.
हुकमाची पानं घाईने टाकायची सवय असेल
तर आपली ट्रामच बरी.
रांग म्हणाल, तर सकाळी आठच्या आत
तेवढी मोठी नसते.