मांडीतला तुकडा

औलूच्या इस्पितळात माझ्या मांडीतून त्यांनी
मसुरीच्या डाळीएवढं मांस काढलं.
म्हणाले, थोडं ओढल्यासारखं वाटेल.
चौतीस हिवाळे मी स्कीवरून टपाल वाटलं,
उणे तीसमध्ये, सोदान्क्युलाच्याही पलीकडे.
ओढल्यासारखं म्हणजे काय, ते मला सांगावं लागत नाही.

आयनिक्की नावाची पोरगी, नाकावर घसरणारा चष्मा,
तिनं पडदा माझ्याकडे वळवला.
करड्या रंगात शेंगा, शेंगांच्या पोटात घड्याच घड्या,
घाईत बोचक्यात कोंबलेल्या चादरीसारख्या.
"या तुमच्या तंतुकणिका, सायमी. इथं जेवण जळतं."
ज्योत नाही. धूर नाही.
सकाळची काळी भाकरी, तिच्यावरचा हेरिंगचा तुकडा
हातोहात उतरत जातो श्वासातल्या हवेपर्यंत,
आणि उतरता उतरता
भिंतीच्या एका अंगाला गर्दी लोटून ठेवतो.
गर्दीला परत यायचं असतं. वाट अरुंद.
वाटेत एक चाक,
आठेक जणांच्या धक्क्यानं फिरेल इतकं हलकं.
एका फेऱ्याला तीन नाणी.

"शिलकीत किती असतात?"
"फार तर काही सेकंदांपुरती."

म्हणजे हातावरचं पोट!
एक्क्याऐंशी वर्षं हा सगळा डोलारा रोजंदारीवर चाललाय
आणि मी दर महिन्याला पासबुक भरून आणत होते.

मग तिनं दुसरी जागा दाखवली.
इथं शेंगा फुगलेल्या, घड्या विसकटलेल्या.
भिंतीला झिरपे पडलेत, गर्दी चाकाला न शिवताच आडवाटेनं परत येते.
ज्या मोडीत काढायच्या, त्याही पेशीनं ठेवून घेतल्यात,
जसे मी फुटक्या दांड्याचे कप ठेवते, असू दे म्हणून.
प्रत्येकीजवळ तिची स्वतःची इवलीशी चिठ्ठी असते म्हणे,
पेशीच्या मोठ्या दप्तरापासून वेगळी.
पुन्हा पुन्हा नकलून काढताना तिच्यात चुका शिरतात.
हे मला लगेच कळलं.
एक आकडा इकडचा तिकडे, की पत्र भलत्याच तळ्याकाठी.

"चालत राहा," ती म्हणाली, "या वयातही नव्या होतात."
ते ठीक. पण निघताना ती जे सहज बोलून गेली
ते बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसलं:
ही चिठ्ठी फक्त आईकडून येते.

मला दोन मुलगे. आर्मास आणि वेइक्को.
दोघांत माझा विस्तव आहे, पण तो तिथंच थांबणार.
नातवंडं आपापल्या आयांच्या चुलीवर शेकतात.
वाईट वाटलं असं नाही.
हिशेब लागला, एवढंच.
आईचा विस्तव, तिच्या आईचा,
बर्फावरून कुठून कुठून हातात झाकून आणलेला,
माझ्या मांडीत, एका काचेवर, औलूला.

पण हेल्वीला तीन मुली.

हेल्वी, माझी धाकटी, लुलेओला राहते. स्वीडनमध्ये.
आईच्या कॉफीच्या गिरणीवरून आम्ही बोलणं टाकलं
त्याला एकोणचाळीस वर्षं झाली. गिरणी माझ्याकडे आहे.
तिचं एक लाकडी चाक कधीच फिरेनासं झालंय,
हेही मी तिला कळवलेलं नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाहिली.
स्वतःचं लिहायला बसले तर शाई वाळलेली. पेन्सिलीनं लिहिलं:
तुझ्या मुलींना मुली आहेत का?
थंडी वाजते का त्यांना, की माझ्यासारख्या
हातमोजे विसरून बाहेर पडतात?
सही केली. गिरणीचं लिहिलं नाही. मग लिहिलं.

टपालपेटी फाट्यावर. दोनशे पावलं.
कधी मोजली नव्हती, आज मोजली.
एकशेचाळीसला थांबले, बर्चच्या खोडाला हात लावून.
मांडीतली टाक्याची जागा ठणकत होती,
आणि तिच्या भोवती,
कोटाच्या, लोकरीच्या, कातड्याच्या आत
लागलं होतं काहीतरी कामाला.
धग आली. थोडी उशिरा.

उरलेली साठ पावलं मी मोजली नाहीत.