येतेच म्हटलं होतं

फोनवर म्हटलं होतं मी, येते.
दोनदा म्हटलं.
वकीलबाईंनी तारीख सांगितली, मी कॅलेंडरवर गोल केला.
तरी गुरुवारी संध्याकाळी दारात एक माणूस,
टोपीवर डुलुथचा बर्फ,
माझं आडनाव तीन तुकड्यांत वाचत:
कान. वा. डे.
कागद हातात ठेवला आणि म्हणाला, सर्व्ह केलं.
आमच्याकडे हा शब्द ताटासाठी.

कणकेचा अंगठा उमटला कागदावर,
नेमका तिथे, जिथे लिहिलं होतं
आपणांस हुकूम करण्यात येतो की.

हुकूम? मला?
पोलिसांना मीच हाक मारली होती त्या दिवशी.
कोस्कीबाईंच्या ईथनचा पिकअप उलटा येताना
मीच पाहिला होता, भांडी घासता घासता,
आणि पोस्टमन ओडेल, आधी वर, मग खाली,
पाकिटं सगळ्या रस्ताभर.
त्यात माझ्या भाचीची लग्नपत्रिका,
कोपऱ्याला कुंकू,
सुकेवाडीहून इथवर नीट आलेली.
शेवटची दहा पावलं मीच आणली.

रागाने फोन केला. माझ्या शब्दावर भरवसा नाही का?
इंग्रिड हॅल्वर्सन हसल्या नाहीत.
शब्दावर आहे, म्हणाल्या,
तुमच्या गाडीच्या बॅटरीवर नाही.
उणे तीसात ती मेली, किंवा तुम्हीच तापाने पडलात,
तर नुसत्या शब्दासाठी जज थांबत नाहीत.
कागद बजावलेला असेल तर
निदान तारीख मागता येते.
मग जरा थांबून:
आणि समोरचा वकील विचारणारच,
किती हौसेने आलात.

रात्री अण्णाकाका आठवला.
आक्काच्या लग्नात मांडवाचे खांब त्यानेच पुरले,
चुलाण त्यानेच खणलं,
आणि घरचाच माणूस, त्याला कशाला, म्हणून
त्याच्या हातावर अक्षत ठेवायची राहिली.
मंगलाष्टकं त्याने भिंतीपलीकडून ऐकली,
स्वतःच्या ओट्यावर, धुतलेला सदरा घालून.
आई नंतर कितीदा म्हणाली,
अगं, पहिली पत्रिका गणपतीला देतात,
ज्याला यायचंच असतं.

बेकरीत ब्रेंडाने आधी सुट्टी नाकारली होती,
व्हॅलेंटाइनचे केक आहेत म्हणून.
कागद पाहिला. झेरॉक्स काढली.
एक शब्द बोलली नाही.

शनिवारी कोस्कीबाई बर्फ उपसत होत्या.
नोव्हेंबरपासून बोलणं बंद.
मी खिशातून तो काढला,
दोघींच्या मध्ये धरला, अंतरपाटासारखा,
आणि म्हणाले, बोलावलंय. जावंच लागेल.
त्यांनी चष्मा पुसून सगळा वाचला, कणकेच्या ठशासकट.
जावंच लागेल, त्याही म्हणाल्या.
खांदे थोडे उतरले त्यांचे. माझेही.
घरात आल्यावर मात्र
बराच वेळ हात धूत राहिले.

मंगळवारी गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

कोर्टात हीटर फार होता.
ओडेल पुढच्या बाकावर, काठी गुडघ्यांत,
मला पाहून सवयीने
टोपीकडे हात नेला, टोपी नव्हती.
समोरच्या वकिलाचा आवाज गोड:
आज इथे का आलात, मिसेस कानवडे?
बोलावलं म्हणून, मी म्हणाले.
खरंच होतं.
पण शपथेत नुसतं खरं नव्हतं,
पूर्ण खरं, असंही होतं.

साक्षीचा भत्ता वीस डॉलर, मैलांचे वेगळे.
चेक अजून वटवला नाही.
फ्रीजवर आहे, पत्रिकेखाली.

आणि बोलावलं नसतं तर?
हे कुणी विचारलं नाही.
मी थांबले होते तिथे जराशी, कठडा धरून,
कोस्कीबाईंकडे न बघता.
उतरा आता, म्हणाले. झालं तुमचं.