न नेलेले जोड

डुलमाचं दुकान म्हणजे एक लोखंडी खोकं.
आत ती, शेगडी
आणि हाताने फिरवायचं शिलाई यंत्र मावतं.
गिऱ्हाईक मावत नाही.
गिऱ्हाईक बाहेर, एका पायावर,
दुसरा पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत,
आणि उलानबातरची उणे तीस थंडी
त्या पायाची चौकशी करत असते.

म्हणून हात भरभर चालवायचा.
एवढं एकच तत्त्व तिच्या धंद्याचं,
तेही थंडीने शिकवलेलं.

सकाळी कुलूप गोठलेलं.
किल्ली ती बगलेत ऊब देत आणते,
बसमध्ये, दोन कोटांच्या आत,
तापातल्या कोकराला आणावं तशी.
भवानी कधी नऊला, कधी बारालाही नाही.
पाटीवरचे भाव खडूने लिहिलेत,
पुसायला सोपे जावेत म्हणून.
मेण महागलं, दोरा महागला,
कोळशाचं तर विचारूच नका.
खडूचा तो तुकडा दोन हिवाळे सरला नाही.

समोरच्या मॉलमध्ये नवे बूट आलेत,
नवा तळ ठोकण्याहून थोडेच महाग.
बहिणीचा मुलगा एर्खेम म्हणतो,
मावशी, ताळा जुळत नाही, बंद कर.
ताळा जुळत नाही हे तिला माहीत आहे.
किती जुळत नाही, हेही;
वहीच्या शेवटच्या पानावर
तो आकडा तिने बारीक अक्षरात लिहिलाय.

मागच्या फळीवर न नेलेले जोड. एकोणीस.
लेसला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव नाही, खूण आणि भाव:
दारखानचा ड्रायव्हर, डावा पाय फेंगडा.
शाळेतली बाई, टाच बाहेरून झिजते.
एकावर नुसतंच: घाईत होता.
बाजारातला नियम तीन महिन्यांचा,
मग विकून मोकळं व्हायचं.
ती वर्षातून दोनदा उतरवते, पुसते,
कातडं तडकू नये म्हणून चरबी चोळते
आणि परत ठेवते.
का, असं एर्खेमने विचारलं तेव्हा म्हणाली,
माझे नाहीत ते.

मग या माघात, नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी,
खिडकीशी एक माणूस वाकला.
पायात कोरियातले झुळझुळीत बूट.
विचारायचं म्हणून विचारतो, म्हणाला,
सहा वर्षं झाली, तुम्ही टाकले असतील...
तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही.
पाय पाहिले.
उजवा अंगठा वर उचलून उभा राहतो.
हात मागे गेला, न चाचपडता,
तिसरा जोड, घाईत होता.

तिथेच, बर्फात, त्याने बूट बदलले.
दोन पावलं टाकली. परत मागे आला.
बापाचे होते, म्हणाला.
मग बराच वेळ लेस बांधत राहिला,
बांधलेली लेस.

किती द्यायचे?
चिठ्ठीवर आहेत तेवढे.
सहा वर्षांपूर्वीचे?
काम तेव्हाचं आहे.

त्याने नोट जास्तीची पुढे केली,
तिने सुट्टे मोजून परत दिले.
(एर्खेमला हे सांगायचं नाही.)
तो गेला, नवे बूट काखेत मारून,
जुन्या टाचांचा आवाज ऐकत,
आणि कोपऱ्यावर मुद्दामच जोरात पाय आपटून.

संध्याकाळी वही उघडली.
खर्चात मेण, दोरा, सहा हिवाळ्यांची चरबी.
जमेत तेवढीशी नोट.
शिसपेन थांबली.
मग जमेतच, आकड्याच्या रकान्यात,
तिने लिहिलं: अठरा उरले.
चुकीच्या जागी लिहिलं हे तिला कळलं.
खोडायला घेणार,

तर खिडकीवर टकटक.
एक मुलगी, शाळेच्या दप्तरासकट, एका पायावर,
हातात बूट, चेन तुटलेली,
दात वाजताहेत.
वही मिटली नाही तशीच राहिली.
दे इकडे, डुलमा म्हणाली,
आणि पाय शेगडीकडे कर.
मावेल, सरक जराशी आत.