चौथी चिठ्ठी

पहिली चिठ्ठी गुलाब वायरमननं हातातच दिली,
वीजबिलाच्या पाठीवर लिहिलेली.
लाल मुठीचा टेस्टर त्याच्या कानावर, पेन्सिलीसारखा.
"रोज मार खातो, अन् पोरं हसत घरी जातात."
हे सोपं होतं: शाळेच्या कडुनिंबाला टांगलेला
रुळाचा तुकडा. त्याच्याच भोकात दुसरी गुंडाळी.

दिवाळीची सुट्टी, सावरगोंदी,
पाच रुपये फी, नऊ टोळ्या.
आमच्यात मी, कुशल रहांगडाले आणि इरफान,
ज्याच्या सायकलला ब्रेक नव्हता, घंटी होती.

"खालची निजते, वरची फिरते,
दोघींच्या भांडणात गाव जेवते."
सासू-सून, कुशल म्हणाला, आणि आम्हाला
थेट त्याच्या मोठ्या काकूच्या अंगणात नेलं.
भांडण चालू होतं. चिठ्ठी नव्हती.
तिथून शिव्या खाऊन ठवकरच्या गिरणीवर आलो.
जात्याच्या तळीमागून कागद निघाला पांढराफटक,
इरफाननं फुंकला, तिघंही शिंकलो.

"मला एकच हात. धरला तं रडतो, सोडला तं गप."
हातपंप! पण गावात हातपंप अकरा,
त्यातले तीन रडणं विसरलेले.
दांडा मारून मारून हाताला फोड आले,
आणि नवव्यापाशी, राईस मिलच्या मागं,
फुलवंताबाईची शेळी उभी होती, तोंड हलवत.

ओठातून ओढून काढला तेवढा तुकडा हाती आला.
ओला, हिरवट.
"…संपते तिथं."

फुलवंताबाई कोंडा पाखडत म्हणाली,
"मुकी जात हाय बापा, तिले का समजते कोडं?"

काय संपते?
रस्ता बोडीपाशी चिखलात संपतो, तिथं उकरलं.
नहर एका धानाच्या बांधीत जिरतो, तिथं लोंब्या मोडल्या,
मालकानं काठी दाखवली.
माणूस संपते तिथं, कुशल हळूच म्हणाला.
मसनवटीकडे आम्ही लांबूनच पाहिलं
आणि तिथं नसेल असं एकमतानं ठरवलं.

मग अंधार. बाकीच्या टोळ्या घरी गेल्या असाव्यात.
सात वाजता लाईट आली.
ट्यूबा गचके खात पेटल्या, एक पेटली, दोन नाही पेटल्या,
आणि इरफान सायकल आडवी टाकून म्हणाला,
अबे, चिठ्ठी वायरमननं लिहिली ना?

तेव्हापासून आम्ही वर बघत चाललो.
रोजचंच गाव, पण मान वर केली की दुसरं:
तारेत अडकलेली मागल्या संक्रांतीची पतंग,
बाइंडिंगच्या तारांचं कावळ्याचं घरटं,
खांबावर रंगानं घातलेले आकडे, एकसष्ट, बासष्ट.
शहात्तरावा नहराच्या पलीकडं होता.
त्यापुढं तार नव्हती.

ढिवरटोली. तिथं मी कधी गेली नव्हती.
नहर ओलांडायला तीन पावलं लागतात.

बल्बाखाली उर्मिला मांढरे बसलेली,
आमच्याच वर्गातली, शेवटच्या बाकावरची,
जाळ्याची गाठ दातानं ओढत.
"लय येळ लावला," ती म्हणाली.
"सकाळीच गाडला त्यायनं, माह्यासमोर.
तुमी येईस्तोवर राखत होती."
"मंग तू काहून नाई काढला?"
"मले कोठं चिठ्ठी होती?"

इरफाननं घंटी वाजवली, उगाच.
नऊ टोळ्या झाल्या, पण टोलीत कोणी सांगायलाच आलं नव्हतं.
हे तेव्हा कळलं असं म्हणणार नाही.
तेव्हा फक्त माझ्या पायाला चिखल लागलाय हे कळलं.

बिस्किटाच्या डब्यात टेस्टर निघाला, लाल मुठीचा, तोच.
पुढं नवा येईपर्यंत चार दिवस
वायरमन खांबावर चढला नाही
आणि अर्धं गाव कंदिलावर जेवलं.

आठवड्याच्या पाळ्या लावल्या. तिघांच्या आधी, मग
कुशलनं बोटं पुन्हा मोजली, चौघांच्या.
पहिली पाळी उर्मिलेची.
सोमवारी ती नहर ओलांडून राईस मिलपर्यंत आली,
वाटेत जे दिसेल त्याला टेस्टर लावत:
बाभळीला, हातपंपाला, कुशलच्या कोपराला.
शेवटी शेळीच्या पोटाला लावला, वाकून नीट पाहिलं.
बल्ब काही पेटला नाही.
"पचली वाटते," ती म्हणाली.