रबराचं कडं

खिडकीत टांगलेली आहे ती, जूनपासून.
तीन हजार दोनशे पौंडांवर लाल रेघ,
खाली स्केचपेननं: अठराशे नव्याण्णव.
रोज पुढून जाते. आज शनिवार. आत शिरले.

"रंगामुळे पडून आहे," कॉलम म्हणतो,
"हा मोहरीचा पिवळा शेफील्डात कुणालाच नको."
मोहरी कसली.
मला तर सरळ पिठलं दिसतं,
कढईच्या कडेला खरपूस धरलेलं.

गेल्या सालचं मॉडेल. पुढे शॉक, मागे शॉक.
एकच साइज उरलाय, मधला, आणि तो नेमका माझा.
अशा योगायोगांना मी भिते.
माणसं यांच्यामुळेच खर्चात पडतात.

मी फिजिओथेरपिस्ट.
वॉर्नक्लिफच्या रानातल्या दगडांनी मोडलेली माणसं
सोमवार ते शुक्रवार माझ्या टेबलावर असतात.
ब्रेंडा, वय एकसष्ट, हासळी दोनदा मोडलेली.
हात वर कर म्हटलं की करते,
आणि त्याच हातानं दाखवते केवढ्या उंचीवरून पडली.
कशाला गं, विचारलं होतं.
"लोक जिन्यावरूनही पडतातच की."
पण जिन्याला अठराशे नव्याण्णव पडत नाहीत, ब्रेंडा.

आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला:
गुडघ्याचे पॅड, हनुवटीपर्यंत येणारं हेल्मेट,
वर्षाकाठी शॉकची सर्व्हिसिंग,
टायरात भरायचा तो रुईसारखा पांढरा चीक.
ठेवायची कुठे? जिन्याखाली
उदयनची बीअर आंबवायची पिंपं.
तो एवढंच म्हणेल, "घे की."
ते "घे की" माझ्या ओळखीचं आहे.
पुढच्या पाच वर्षांचे टोमणे
त्यात आत्तापासून मुरत घातलेले असतात.

"बसून तर बघ. वजन किती?"
वजन मी डॉक्टरलाही गोल करून सांगते.
याला खरं सांगितलं.
त्यानं छोट्या पंपानं मागच्या शॉकमध्ये हवा भरली,
दांड्यावरचं रबराचं कडं सीलपाशी सरकवलं.
"बस. हलू नकोस. आता अगदी हळूच उतर."

बसले.
खाली काहीतरी दबलं. खचलं नाही, दबलं,
भरलेल्या बाकावर कुणी वर न बघताच
जरासं सरकून घेतं, तसं.

उतरले. कडं जिथं ढकललं गेलं तिथंच राहिलं.
कॉलमनं पट्टी लावली.
"सोळा मिलिमीटर. अगदी बरोबर."

सत्तेचाळीस वर्षांत
माझ्या भाराला कुणी अगदी बरोबर म्हटल्याचं
आठवत नाही.

"पाचपर्यंत ठेवतो," म्हणाला.

बाहेर रेलिंगला माझी जुनी. पोलादी,
मागे शॉक नाही. चौदा वर्षं माझा कणाच तिचा शॉक,
चौथ्या-पाचव्या मणक्याला विचारा.
तिच्यावर उभी राहून वॉकलीचा चढ चढले.
फरसबंदीतला एकेक दगड
नाव-गाव सांगितल्याशिवाय सोडत नव्हता.

माथ्यावर पाय टेकला. धाप.
छपरांच्या पलीकडे रानाचा काळा काठ.
उदयनला फोन लावला नाही.
हप्त्यांचा हिशेब मांडला, अर्ध्यात सोडला.
डोक्यात फक्त ते कडं.
कॉलम चहाला गेला असेल,
आणि ते तिथंच असेल, सोळा मिलिमीटरवर.
मी उठून आले तरी
मी जिथवर बसले होते, तिथवर.
दुसरं गिऱ्हाईक आलं की
बोटानं मागे सरकवतील.

चार चाळीस.
खाली जायला उतार आहे. दहा मिनिटं, फार तर.