पारखी

गुलटेकडीला, भुसार विभागात,
एकतीस वर्षं मी गूळ चाखला.
ढेपेत सुरी घालायची, तिरकी,
पात्याला चिकटेल तेवढाच जिभेवर,
आणि लगेच बोलायचं नाही.
आडत्या बघतोय, घेणारा बघतोय,
कराडचा ट्रकवाला विडी विझवून बघतोय.
खारा आहे का. करपलाय का.
रंगासाठी पावडर मारलीय का.
मग एक बोट वर. तोच भाव.

परवा पाषाणहून शलाका आली,
बहिणीची नात, तिकडे पेशींवर काम करते.
म्हणाली, आप्पा, तुमचाच धंदा करणारी एक
तुमच्या पोटात बसलीय.
आडतीची जुनी पट्टी पालथी घातली
आणि पेनानं एक गोल काढला.

जठरामागे आडवं पडलेलं स्वादुपिंड.
नाव कुणी ठेवलं कोण जाणे,
स्वाद आहे नावात, मला तेवढं पुरलं.
त्यात बेटं, बेटांवर या बीटा पेशी.
यांच्या दारात साखर अडवत नाहीत.
रक्तात जेवढी, आत तेवढी.
नमुना असाच काढावा लागतो.
आत एक विकर,
दुसऱ्यांसारखं पहिल्या कणावर झडप न घालणारं,
साखर खरंच चढली तरच हात चालवणारं.
"मुद्दाम मंद आहे ते," शलाका म्हणाली.
मंद नव्हे गं, म्हटलं, मुरलेलं.

मग साखर जळते,
तिची सुटी नाणी पडतात गल्ल्यात.
नाणी वाढली की पोटॅशियमची दारं मिटतात,
बाहेर झिरपणारं थांबतं
आणि आत ताण चढतो. विजेचा,
हजारांश व्होल्टांत मोजायचा.
लिलावाची पहिली बोली फुटण्याआधी
गाळा गप्प होतो, तेवढाच.
तेवढ्यात दुसरीच दारं उघडतात,
कॅल्शियम आत घुसतं
आणि भिंतीशी रचून ठेवलेली
इन्सुलिनची पोती रक्तात रिकामी होतात.
तयार माल आधी, झटक्यात.
मागचा सावकाश, ओढून आणत.
कोठारात तोवर नवा करायचा निरोप गेलेला.

आणि एकटी नसते ती.
शेजारणीचा ताण हिला कळतो, हिचा पलीकडचीला,
अख्खं बेट एकदम बोलतं,
पाचेक मिनिटांनी पुन्हा.
हे सगळं माझ्या आत, मी पेपर वाचत असताना,
मला न विचारता.

"मग माझं काय बिघडलं?"

शलाकानं पेनाला टोपण लावलं.
म्हणाली, तुमचे स्नायू ऐकेनासे झाले, आप्पा.
या ओरडत राहिल्या, वर्षानुवर्षं,
जास्त माल, अजून जास्त.
काही मेल्या.
काही मेल्या नाहीत, नुसत्या विसरल्या
आपण कोण होतो ते.

मी बराच वेळ काही बोललो नाही.
शेवटच्या हंगामात
एक खारी खेप मी गोड म्हणून पास केली होती.
कुणी चकार शब्द काढला नाही.
किसन हमालानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला,
माझ्याकडं न बघता,
आणि दुसऱ्या दिवशी सुरी आडत्याच्या मुलाच्या हातात होती.
एवढा गोडवा जिभेवरून गेला
की जिभेला तो लागेनाच.

"विसरलेल्यांना आठवतं का परत?"
काहींना, म्हणाली. भार उतरवला तर.
लवकर उतरवला तर.
खात्री देत नाही.

ती गेल्यावर पट्टी सुलटी केली.
ढेपा बेचाळीस, तोलाई, हमाली,
खाली माझी सही, चांगली ठसठशीत.
पुन्हा पालथी केली.
गोलाला तिनं दारं काढली होती, सगळी नीट.
मी आत एक जीभ काढली, छोटीशी.

सकाळी उपाशीपोटी एकशे अडतीस.
सूनबाईनं विचारलं, चहा कसा करू?
जिभेवर धरल्यासारखा थांबलो थोडा,
मग बोट वर केलं.
बिनसाखरेचा.